शाळेतला सूक्ष्मदर्शक : वापरला तर टिकेल, कोंडला तर कुजेल



गणपती गेले, हळवे भात निसवले, पावसाचा जोर ओसरला. आता कोकणात घरोघर एक काम निघते. पेटीतले कपडे, माळ्यावरच्या गोधड्या, सर्दलेले पापड, कडधान्याचे डबे अंगणात येतात. कोपऱ्यात पडलेल्या चपलेवर पांढरी बुरशी चढलेली असते. ती पुसून चप्पल उन्हात ठेवायची. चार महिने कोंडलेल्या वस्तूला ऊन-वारा दाखवावा लागतो, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही.

पण गावच्या शाळेत एक कपाट असते. त्याच्याकडे या दिवसांत कोणाचे लक्ष जात नाही. त्या कपाटात, बहुधा लाकडी पेटीत, एक सूक्ष्मदर्शक यंत्र असते. आज त्याच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पनवेल तालुक्यात मी विज्ञान शिकवत असतानाची गोष्ट. एका शाळेला गावकऱ्यांनी भात विकल्यावर घरटी वर्गणी काढून सूक्ष्मदर्शक घेऊन दिला होता. यंत्र महागाचे, मुले आडदांड, म्हणून ते कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागले. दोन पावसाळ्यांनंतर ते मी बाहेर काढले. डोळा लावला तर नुसते धुके. भिंग काढून उजेडासमोर धरले, तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. ती बुरशी होती. पुसली तरी काचेवर तिचे डाग राहिले. मुलांच्या हातून काही मोडेल म्हणून यंत्र जपून ठेवले आणि मुलांचा हात लागण्याआधीच ते गेले. गावाची वर्गणी फुकट गेली. त्याहून वाईट म्हणजे, त्या दोन वर्षांत शाळा सोडून गेलेल्या मुलांनी त्यातून काहीच पाहिले नाही.

तुम्ही म्हणाल, हे गुरुजींचे काम. आम्हा शेतकऱ्यांना कशाला सांगता? याचे उत्तर पुढे येईलच. आधी त्या यंत्रात दिसते काय ते पाहू.

खाचरातले पाणी आणि रक्ताचा थेंब

भातखाचरात पाणी साचले की हिरवट-निळसर शेवाळ धरते. आपण ते पाहतो आणि सोडून देतो. त्याचा टाचणीच्या टोकाएवढा कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. काही शेवाळांत मण्यांच्या माळा दिसतील. माळेत मधूनच एखादा मणी जरा मोठा, फिकट आणि जाड कडेचा असतो. हवेतला नत्र पकडून पिकाला उपयोगी पडेल असा करण्याचे काम त्या फिकट मण्यात चालते. भातखाचराला नत्र मिळवून देण्यात या शेवाळाचा वाटा आहे, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवले. ॲझोला नावाची पाण्यावर तरंगणारी वनस्पती काही शेतकरी गुरांसाठी आणि खाचरासाठी वाढवतात. तिचे पान काचेवर चिरडले की त्यातही अशाच माळा सापडतात. खताच्या गोणीवर ‘नत्र’ हा शब्द वाचणाऱ्या मुलाने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, तर तो शब्द त्याला वेगळा कळेल.

दुसरी गोष्ट तापाची. थंडी वाजून ताप भरला की आरोग्यसेवक बोटाला सुई टोचून रक्ताचा ठिपका काचपट्टीवर घेतात. ती काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला तो फ्रेंच डॉक्टर लाव्हरान याने, १८८० साली. पुढे १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस याने सिकंदराबादेत डासाचे पोट फाडून त्यात हा जंतू शोधला. त्याच्या हातात होता तोही सूक्ष्मदर्शकच. डबक्यात डास होऊ देऊ नका, असे आज आपण सांगतो त्याचे मूळ तिथे आहे.

तिसरी गोष्ट आपल्या अगदी जवळची. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग्यांसाठी काम करणारे शांतिवन आहे. कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, असे म्हणून माणसांना गावाबाहेर काढले जाई. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन याने रोग्याच्या ऊतीत सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा जंतू पाहिला. पापाची भाषा तिथेच खोटी ठरली. जंतू सापडला म्हणून त्यावर औषध शोधता आले, आणि आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो.

पनवेललाच खार जमीन संशोधन केंद्र आहे. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण तिथले. अशा केंद्रात उद्या तुमच्या मुलीने काम करावे असे वाटत असेल, तर तिची सुरुवात गावच्या शाळेतल्या पहिल्या काचपट्टीपासून व्हायला हवी.

यंत्राची मांडणी

आता यंत्र कसे मांडायचे ते पाहू. मुलांकडून हे पाठ करून घेण्यापेक्षा एकदा करून घ्यावे.

पेटीतून काढताना एक हात यंत्राच्या वाकड्या दांड्यावर आणि दुसरा तळाखाली. एका हाताने लोंबकळत कधी नेऊ नये. टेबल डुगडुगणारे नसावे. यंत्र काठापासून वीतभर आत ठेवावे.

डोळा लावायचे वरचे भिंग म्हणजे नेत्रिका. खाली फिरत्या चकतीला दोन-तीन नळ्या असतात, ती वस्तुभिंगे. त्यांतले आखूड ते कमी शक्तीचे, लांब ते जास्त शक्तीचे. नेत्रिकेवर १० आणि वस्तुभिंगावर १० हा आकडा असेल, तर वस्तू १०० पट मोठी दिसते. वस्तुभिंग ४५ चे असेल तर ४५० पट. गुणाकार करायचा, बेरीज नव्हे.

काचपट्टी ठेवायचा तो मंच. त्याच्या मध्यभागी भोक, भोकाखाली उजेड कमी-जास्त करायची झडप आणि तळाशी आरसा. आरशाला दोन बाजू असतात : एक सपाट, एक खोलगट. मंचाखाली उजेड एकवटणारे वेगळे भिंग असेल तर सपाट बाजू वापरावी. ते नसेल तर खोलगट. काही नव्या यंत्रांत आरशाऐवजी दिवा असतो. वीज गेली की तो दिवा बंद. आरशाचे यंत्र मात्र खिडकीच्या उजेडावर चालते.

इथे एक धोक्याची सूचना. आरसा कधीही थेट सूर्याकडे करू नये. ते ऊन भिंगांतून एकवटून डोळ्यात जाते आणि डोळा कायमचा अधू होऊ शकतो. खिडकीतून दिसणारे मोकळे आकाश किंवा समोरची पांढरी भिंत पुरे.

पाहण्याची रीत

पहिली काचपट्टी कांद्याच्या पापुद्र्याची करावी. कांदा घरात असतोच. कांद्याच्या जाड पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा नखाने अलगद सोलावा. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात पापुद्रा घडी न पडता पसरावा. आयोडिनचा एक थेंब टाकला तर पेशीतला केंद्रक पिवळसर-तपकिरी उठून दिसतो. वरून पातळ काच ठेवताना ती आधी एका कडेने टेकवावी आणि मग तिरकी सावकाश खाली सोडावी. धपकन ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे वाटोळे काही दिसले की मुले ‘जंतू, जंतू’ म्हणून ओरडतात. तो बहुतेक वेळा बुडबुडा असतो.

आता आखूड वस्तुभिंग ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत फिरवून बसवावे. काचपट्टी मंचाच्या भोकावर ठेवून चिमट्यांनी धरावी. बाजूने पाहत मोठ्या चाकाने भिंग आणि काचपट्टी जवळ आणावीत, पण टेकू देऊ नयेत. मग डोळा नेत्रिकेला लावून चाक उलटे फिरवावे, म्हणजे दोन्ही एकमेकांपासून दूर जातील. चित्र दिसू लागले की बारीक चाकाने स्पष्ट करावे. डोळा लावून भिंग खाली आणायचे नाही; काचपट्ट्या फुटतात त्या तेव्हा. हा एक नियम पाळला तर चाळीस मुलांच्या वर्गातही यंत्राला धक्का लागत नाही.

मोठे करून पाहायचे असेल तर हवा तो भाग आधी मध्यभागी आणावा आणि मग लांब भिंग फिरवावे. यानंतर मोठे चाक हलवायचे नाही, फक्त बारीक.

काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जाते. चित्र उलटे दिसते म्हणून असे होते. यंत्र बिघडलेले नसते. दुसरा डोळा मिटून घेऊ नये. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायची सवय झाली की डोके दुखत नाही.

मुलांना एक गंमत करायला सांगा. पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी आखूड भिंगाखाली ठेवायची. दिसणाऱ्या गोलात मिलिमीटरच्या किती रेघा मावतात ते मोजायचे. १०० पटीला साधारण दीड-दोन मिलिमीटर एवढेच मावते. त्या गोलाच्या आडव्या रेघेत कांद्याच्या किती पेशी बसतात ते मोजले, की एका पेशीची लांबी भागाकाराने निघते. गणिताचा तासही झाला.

वर्ग मोठा आणि यंत्र एकच असेल, तर गुरुजींनी मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर धरून फोटो काढावा. तो सगळ्यांना एकदम दाखवता येतो. पण फोटो दाखवला म्हणून पाहण्याची पाळी चुकवू नये. आपल्या हाताने चाक फिरवून धुक्यातून चित्र वर आणणे, हाच खरा धडा आहे.

रक्त पाहायच्या हौसेने शाळेत मुलांची बोटे टोचू नयेत. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर रोग पसरतात. ते काम आरोग्य केंद्राचे.

दिसत नसेल तर

सगळे काळे दिसत असेल तर बहुधा वस्तुभिंग नीट बसलेले नसते, झडप मिटलेली असते किंवा आरसा वळलेला असतो. आखूड भिंगाने दिसते आणि लांब भिंगाने काही केल्या स्पष्ट होत नाही, तेव्हा काचपट्टी उलटी ठेवली आहे का ते पाहावे.

चित्रात काळा डाग दिसत असेल तर तो कुठे आहे हे ओळखायची सोपी युक्ती आहे. काचपट्टी किंचित सरकवा. डाग सरकला तर तो काचपट्टीवरचा. नेत्रिका बोटांनी गोल फिरवा. डाग फिरला तर तो नेत्रिकेवरचा. दोन्ही केले तरी चित्र सगळीकडे धूसरच, तर वस्तुभिंग मळलेले आहे किंवा त्यावर बुरशी आहे. वस्तुभिंग काढून उजेडाकडे धरावे आणि नेत्रिका उलटी करून तिच्यातून ते पाहावे. उलटी नेत्रिका म्हणजे चांगले भिंगच. धूळ, बोटांचे ठसे, बुरशीचे तंतू, जे असेल ते दिसते.

रोजची निगा

फवारणी झाली की पंप धुऊन, नळी मोकळी करून ठेवतो, तशीच याची रीत. काम झाल्यावर आखूड भिंग पुन्हा खाली आणावे, काचपट्टी काढावी, मंचावर सांडलेले पाणी किंवा रंग लगेच टिपावा आणि यंत्र झाकावे.

भिंगाला बोट लावू नये. बोटाचे तेल तिथे राहते आणि बुरशीला ते खाद्य होते. धूळ असेल तर आधी मऊ ब्रशने किंवा रबरी फुग्याने उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे जातात. मग भिंग पुसायच्या खास कागदाने हलकेच पुसावे. तो नसेल तर अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतराचा मऊ, स्वच्छ तुकडा चालेल. पदर, रुमाल, वहीचा कागद मुळीच नको. त्याने चरे पडतात. स्पिरिट भिंगावर ओतू नये, कारण आतल्या काचा जोडणारे चिकटद्रव्य त्याने सुटू शकते. वस्तुभिंग उघडून आत साफ करायला जाऊ नये. चाक जड झाले म्हणून शिलाई यंत्राचे तेल सोडू नये; त्याला वेगळे ग्रीस लागते, ते जाणकाराकडून घालून घ्यावे.

पावसाळ्यातली निगा

आता मुख्य गोष्ट. घाटावर आणि मराठवाड्यात सूक्ष्मदर्शकाचा शत्रू धूळ आहे; तिथे घट्ट झाकण हवे. आपल्याकडे शत्रू ओल आहे. बुरशीला तीन गोष्टी लागतात : दमट हवा, अंधार आणि न हलणारा वारा. बंद कपाटातली लाकडी पेटी तिला या तिन्ही एकदम देते. लाकूड ओल धरून ठेवते. वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली की ओल आतच राहते. बुरशी वाढताना जे आम्ल सोडते त्याने काचेवरचा पातळ मुलामा आणि मग काचही खाल्ली जाते. म्हणून एकदा डाग धरला की तो पुसून जात नाही. सुरुवातीलाच सापडली तर मात्र यंत्र वाचते.

यावर उपाय तीन आहेत.

पहिला उपाय उबदार कपाटाचा. वीज असेल तर कपाटात खालच्या बाजूला १५ ते २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा सतत चालू ठेवावा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा जराशी उबदार राहिली की ओल धरत नाही. एलईडीच्या दिव्याने हे होत नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. कपाटाला वर-खाली भोके असावीत आणि कागद-कापड दिव्यापासून दूर असावे. वायर जाणत्याकडूनच बसवून घ्यावी.

दुसरा उपाय डब्याचा. वीज भरवशाची नसेल तर नेत्रिका आणि वस्तुभिंगे काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि सोबत सिलिका जेलच्या खड्यांची पुरचुंडी ठेवावी. ओल शोषली की खड्यांचा रंग बदलतो. मग ते पत्र्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा कोरडे होतात. तो पत्रा स्वयंपाकाला वापरू नये आणि खडे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. निळ्या खड्यांत विषारी क्षार असतो. भिंगे काढली की यंत्राच्या नळीची भोके झाकायला विसरू नये.

तिसरा उपाय फुकटचा आणि सगळ्यांत चांगला : यंत्र वापरावे. आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून तासभर मोकळ्या हवेत, उजेडात ठेवावे आणि मुलांना पाहू द्यावे. पाहून झाल्यावर भिंगे पुसली जातात, त्यामुळे बुरशीला बस्तान बसवायला वेळ मिळत नाही. शिवाय बिघाड सुरू झाला तर त्याच आठवड्यात कळतो. दोन वर्षांनी नव्हे.

पालकांनी काय करावे

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. गुरुजी यंत्र कुलपात ठेवतात ते आळसाने नव्हे. यंत्र मोडले तर जबाब त्यांना द्यावा लागतो. कपाटात कुजले तर कोणी विचारत नाही. ही अडचण गावानेच सोडवायला हवी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळांत शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या बैठकीत एकच विषय मांडा : सूक्ष्मदर्शक दाखवा. भांडणाच्या सुरात नको, आपुलकीने. तो कपाटातून काढून सगळ्यांसमोर कांद्याचा पापुद्रा लावून पाहा. दिसला तर गुरुजींचे कौतुक करा. न दिसला तर दुरुस्तीचा खर्च काय, ते लिहून घ्या. आणि बैठकीच्या वहीत एक ठराव करून ठेवा : मुले वापरत असताना एखादी काचपट्टी फुटली किंवा किरकोळ मोडतोड झाली, तर त्याचा भार गुरुजींवर येणार नाही, गाव सोसेल. एवढे वाक्य लिहिले गेले तर बरीच कुलपे उघडतील.

घरीही एक काम आहे. मुलगा किंवा मुलगी शाळेतून आली की ‘आज काय शिकलास?’ याबरोबर ‘आज काय पाहिलेस?’ असेही विचारा. या आठवड्यात खाचरातले हिरवे पाणी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून मुलाबरोबर शाळेत पाठवा. त्यात मण्यांची माळ सापडली का, हे त्याने रात्री जेवताना सांगितले, तर समजा की गावाची वर्गणी कामी आली.

गोधड्या उन्हात घालाल, त्याच दिवशी शाळेच्या त्या कपाटाचीही आठवण ठेवा.